अकरा सेंटीमीटर

४ मार्च, बुधवार

प्रिय किल्ली,

अनेक आशीर्वाद. तू म्हणशील, आशीर्वाद ठेव तुझ्यापाशी, आधी उत्तर दे. बरोबर आहे. ‘हवेचं सस्पेन्शन की कॉइलओव्हर, बाबांना एवढं एकच विचारून कळव,’ हा तुझा मेसेज येऊन पाच दिवस झाले आणि मी गप्प. फोनवर सांगता आलं असतं. पण फोन लागला की बाबा तो माझ्या हातातून काढून घ्यायला बघतात. मग तू तिकडून अर्धा तास बोलतेस, ते इकडून अर्ध्या तोंडाने हसतात आणि मी फोनचा कोन सांभाळत उभा. फोनवर तू बाबांची असतेस, पत्रात माझी. म्हणून पत्र.

घरी सगळं ठीक. बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई खूश आहेत. उजवा हात आता मांडीवरून पोटापर्यंत सरकतो, डावा तर पूर्वीसारखाच दणकट. शब्द मात्र तेच तीन. ‘हो’ आहे, पण ते होकारालाही चालतं आणि नकारालाही. ‘चला’ आहे. आणि ‘किल्ली’. चहा हवा असला की किल्ली, टीव्ही बंद करायचा असला की किल्ली, मी समोर आलो की मीसुद्धा किल्ली. बाई म्हणाल्या, आजारानंतर कधी कधी खूप खोल रुजलेला एखादाच शब्द उरतो. चांगल्या मनानेच म्हणाल्या.

तुझ्या वहिनीचा नवा चष्मा आला. आता तिला माझे दोष जास्त ठळक दिसतात.

म्हैस बरी आहे. त्या काळ्या, रुंद, दोन दारांच्या, आठ सिलिंडरच्या धुडाला बाबांनी म्हैस म्हणायला सुरुवात केली तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि तिच्यापुढे गवत आणून टाकायचीस, आठवतं? मागचे पाटे, म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगा, मोडलेत, पुढच्या स्प्रिंगा बसल्यात, त्यामुळे रस्त्यावर नेता येत नाही. पण इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देतं. दर रविवारी दहा वाजता मी बाबांना गॅरेजात नेतो. आमचं आता ठरून गेलंय. चाकाची खुर्ची गाडीच्या दाराला तिरकी लावायची आणि ब्रेक मारायचे. बाबांचा डावा हात माझ्या मानेभोवती, माझे दोन्ही हात त्यांच्या काखेखालून मागे, त्यांच्या पट्ट्याला. एक, दोन, तीन म्हणायचं, उचलायचं, वळायचं आणि हळूहळू खाली सोडायचं, कारण म्हशीची सीट फारच खाली गेली आहे. मग मी इंजिन सुरू करतो. ते अर्धा तास डावा हात स्टीअरिंगवर ठेवून बसतात. गाडी जागची हलत नाही. ते ‘चला’ म्हणतात. मी ‘हो’ म्हणतो. मग परत मान, पट्टा, एक, दोन, तीन.

आता तुझा प्रश्न. तू पाठवलेली दोन्ही चित्रं मी मोठी छापून आणली. एकात हवेचे चार रबरी फुगे, ते भरणारा छोटा पंप, डिकीत ठेवायची टाकी आणि बटणं. दुसऱ्यात चार कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपभोवतीच गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग आणि तिच्याखाली आट्यांवर फिरणारी कडी. मला समजलं ते असं: फुगे बसवले तर गाडी बटणावर वर-खाली होते. कॉइलओव्हर बसवले तर कडी पान्याने फिरवून उंची एकदाच ठरवायची, मग ती तेवढीच राहते. चुकलो असेन तर हस. मला सवय आहे.

दोन्ही चित्रं बाबांपुढे धरून विचारलं. बाई म्हणतात, नुसत्या सवयीनेही माणूस एकाच बाजूला बोट दाखवू शकतो, म्हणून जागा बदलून पुन्हा विचारायचं. मी तीनदा विचारलं. एकदा डावं-उजवं, एकदा उजवं-डावं, एकदा वर-खाली. मध्ये दहा दहा मिनिटं जाऊ दिली. वजनमापं तपासणाऱ्या भावाकडून तू दुसरी अपेक्षा तरी काय करणार? तिन्ही वेळा बाबांचं बोट एकाच चित्रावर गेलं. शंकेला जागा नाही.

तू कॉइलओव्हर मागव.

बाबांचं हवेबद्दलचं मत तुला मी सांगायला नको. गॅरेजात कुणी तो विषय काढला की म्हणायचे, ‘हवेवर भरवसा ठेवायला मी काय फुगेवाला आहे?’ पोलादाची स्प्रिंग रस्ता जसा आहे तसा हाताला सांगते, हवा गोड बोलून फसवते, हेही त्यांचंच. शिवाय कुठे बारीक गळती लागली तर सकाळी म्हैस जमिनीला पोट टेकून बसलेली सापडायची, आणि तू तिकडे, मी इकडे.

अठरा एप्रिलला तू येणार आणि दहा दिवस राहणार हे कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलंय. म्हैस रस्त्यावर येईल, बाबा तिच्यात बसून निदान नदीच्या पुलापर्यंत जाऊन येतील. डॉक्टर म्हणाले, जे करायचंय ते या उन्हाळ्यात करा. कसल्या सुरात म्हणाले ते लिहीत नाही.

गाडीखाली झोपण्याआधी स्टँड दोनदा बघत जा.

तुझा,
दादा

ता.क. माझी कंबर ठीक आहे. वहिनीने काय सांगितलं असेल ते निम्मं धर.


१९ मार्च, गुरुवार

प्रिय किल्ली,

आशीर्वाद. पार्सल मंगळवारी पोहोचलं. चार खोकी, एकेक उचलताना नाकी नऊ आले. गॅरेजातल्या फळीखाली रचून ठेवलीत. सील तसंच आहे. फोडायचा मान तुझा.

बाबांना दाखवली. वरच्या खोक्यावर कॉइलओव्हरचं चित्र छापलंय. बाबांनी ते बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘हो,’ म्हणाले. मग डाव्या हाताने चाक ढकलत खिडकीकडे गेले आणि पाठ करून बसले. थकले असावेत.

तू मागितलेली मापं मी मेसेजवर कळवली होतीच. इथे पुन्हा लिहितो, म्हणजे कागदावर राहतील. सपाट फरशी, चारही टायरांत पूर्ण हवा. चाकाच्या खुर्चीची सीट जमिनीपासून साडेपन्नास सेंटीमीटर. म्हशीच्या पुढच्या दोन्ही सीट, गादी दाबून, साडेएकोणचाळीस. तीनदा मोजलं. फरक अकरा.

त्यावर तुझं जे उत्तर आलं ते मी चार वेळा वाचलं. ‘दादा, अकरा? कॉइलओव्हरने फार तर चार वर येईल. उरलेल्या सातांचं काय? फुगे असते तर बटण दाबलं की सीट खुर्चीला लागली असती. मध्ये फळी टाकायची, बाबा सरकत आत. कुणाला उचलायची गरजच नाही. मी तर त्यासाठीच हवेचं सुचवलं होतं, कालच्या पोरासारखं गाडी नाचवायला नाही! बाबांना हे नीट समजावून सांगितलं होतंस ना? तरी नको म्हणाले?’

बाबांना सगळं समजतं. फुग्यांनी गाडी वर येते, फळीवरून आत सरकता येतं, हे मी चित्रं धरताना प्रत्येक वेळी सांगितलं होतं. त्यात मी हयगय करणार नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि उचलायचं म्हणशील तर उचलायला मी आहे. दोन वर्षं उचलतोच आहे. आजवर एकदाही हात सुटलेला नाही. बाबा आता साठ किलोंच्या आत आलेत. आमच्या कार्यालयात याहून जड वजनं असतात.

तुला खोचक वाटलं असेल तर वाटू दे, पण एक विचारतो. तू दोन वर्षांत तीनदा आलीस. दर वेळी बाबांच्या तोंडावर दिवाणखान्यातले सगळे दिवे लागले. तू पाना हातात घेऊन म्हशीभोवती एक फेरी मारलीस, ‘मागचा उजवा पाटा, बाबा, तिसरं पान,’ म्हणालीस, आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. मी तो पाटा सहा महिने रोज बघत होतो. मला नुसता पाटा दिसत होता. मी चूक काढत नाही. मी विचारतो की एखाद्याला रोज वाढून घातलेलं दिसत नाही आणि पाहुण्याने आणलेलं दिसतं, हे कसं?

हे वाक्य खोडणार होतो. डायरीत खोडतो, पत्रात नाही.

तुला आठवत नसेल, कारण तू गाडीखाली असायचीस आणि मी बाहेर. तू दहा वर्षांची, मी सतराचा. म्हशीखालून चार पाय बाहेर आलेले, दोन मोठे, दोन छोटे, आणि मी उकिडवा बसून बॅटरी धरलेली. आतून तुम्हा दोघांच्या गप्पा. मला शब्द कळायचे, हसू कशाचं ते कळायचं नाही. मग बाबांचा आवाज यायचा, ‘उजेड हलतोय.’ मी हात घट्ट धरायचो. पुढे पुढे तूही म्हणायला लागलीस, ‘दादा, उजेड हलतोय,’ अगदी त्यांच्याच सुरात. मी तासन्‌तास बॅटरी धरली असेन, पण त्या उजेडात काय दिसत होतं ते मी कधी पाहिलं नाही.

बारावीला मी कॉलेजात पहिला आलो. निकाल सांगायला सरळ गॅरेजात गेलो. बाबांनी हात पँटला पुसला आणि माझ्या खांद्याजवळ आणला. मग माझा शर्ट पांढरा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. हात मागे घेतला. ‘मळेल,’ म्हणाले. त्याच दिवशी तू खालून बाहेर आलीस, नखशिखांत ऑइलने माखलेली, आणि त्यांनी तुझं डोकं काखेत दाबून धरलं. ‘बघ, दादा पहिला आला,’ असं तुला सांगितलं. बातमी माझी, काख तुला.

तेव्हापासून मी पांढरे शर्ट घालत नाही. वहिनीला वाटतं मला रंगांची आवड आहे.

कशाला लिहितोय मी हे? तुझ्या प्रश्नाला बगल द्यायला, असं तू म्हणशील. म्हण. वहिनी परवा म्हणाली, ‘बहिणीचा फोन आला की तुझं तोंड असं का होतं रे, वजनात मारल्यासारखं?’ मी म्हटलं, प्रकाश कमी आहे, तुझा चष्मा नवा आहे. ती म्हणाली, ‘चष्म्याने वय दिसतं. हे दुसरं काहीतरी आहे.’

कॉइलओव्हर आले आहेत. तेच बसवू. ठरलंय ते ठरलंय.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझा,
दादा


६ एप्रिल, सोमवार

किल्ली,

‘प्रिय’ लिहून खोडलं, खूण दिसत असेल. तो शब्द मी तुला आज लिहावा की नाही, हे पत्र वाचून तूच सांग.

आडवा पडून, छातीवर पाटी ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. घाबरू नकोस. बाबा ठीक आहेत. माझी कंबर धरली आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही असं बजावलंय. ‘वर्षभर दुखत होतं तर आधी का आला नाहीत?’ विचारलं. मी म्हटलं, वेळ झाला नाही. वहिनी शेजारीच होती. ती म्हणाली, ‘खोटं बोलायची सवय लागली आहे हल्ली.’ डॉक्टर हसले. ती हसली नव्हती.

आता सरळ लिहितो.

माझ्या डायरीत १ मार्चच्या पानावर असं आहे: ‘रविवार. चित्रं दाखवली. तिन्ही वेळा एकच.’ त्याखाली एक ओळ रिकामी. सत्तावीस वर्षं डायरी लिहितोय, मी ओळ रिकामी सोडत नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणी तू चोरून वाचायचीस. त्या ओळीत जे लिहायचं राहिलं ते हे: बाबांनी बोट ठेवलं ते हवेच्या फुग्यांवर. तिन्ही वेळा.

माझं पहिलं पत्र काढून बघ. त्यात त्याबद्दल खोटं वाक्य एकही नाही. तिन्ही वेळा बोट एकाच चित्रावर गेलं, हे खरं. शंकेला जागा नाही, हेही खरं. मग मी एक ओळ मोकळी सोडली आणि लिहिलं, ‘तू कॉइलओव्हर मागव.’ मधली जागा तू भरलीस. कामावर मला असे दुकानदार भेटतात. काटा बरोबर, वजनांवर शिक्का बरोबर, फक्त पारड्याच्या बुडाला काहीतरी चिकटवलेलं. पकडल्यावर म्हणतात, साहेब, मी तोंडाने कुठे काही खोटं बोललो? अशा एकालाही मी सोडलेलं नाही.

फुगेवाल्याचं सांगितलं तेही तसंच. बाबा ते म्हणायचे, पण ते दोन पायांवर उभे असताना.

का केलं ते लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

रविवारी दहा वाजता बाबांचा हात माझ्या मानेभोवती येतो. उचलून, वळून, खाली सोडेपर्यंत सहा-सात सेकंद होतात. मी मोजलेत. त्यांची दाढी माझ्या कानाला घासते. ते पूर्ण भार टाकतात, काही राखून ठेवत नाहीत. त्या वेळी ते मला किल्ली म्हणतात, तर म्हणू देत. नाव तुझं असेल, मान माझी असते. सेहेचाळीस वर्षांत मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ते मिळालेलं नाही, आणि ते मिळायला त्यांना अर्धं अंग गमवावं लागलं. हे लिहिताना मला लाज वाटते. पण ते खरं आहे.

आणि तुझं बटण. म्हैस वर येणार, फळी पडणार, बाबा सरकत आत. कुणालाही जमेल असं काम. तुला तर पहिल्या झटक्यात जमेल. मग तू त्यांना रस्त्यावर नेणार, ते थाप मारणार, आणि मी शटर धरून मागे उभा. अकरा सेंटीमीटर, किल्ली. तेवढीच जागा माझ्याकडे होती, आणि तीसुद्धा तू हवेने भरून टाकायला निघाली होतीस. तुझा मेसेज मी असा वाचला. तू काळजीने लिहिला होतास हे मला कळत होतं. कळत असूनही असाच वाचला.

अजून एक राहिलं. तिसऱ्यांदा बोट ठेवल्यावर बाबांनी तोच हात माझ्या कमरेवर ठेवला, डाव्या बाजूला, आणि जरासं ढकलल्यासारखं केलं. ‘किल्ली,’ म्हणाले. मी समजलो, बाजूला हो, तिला बोलाव. तिथेच माझं डोकं फिरलं. ओळ रिकामी राहिली ती त्यामुळे.

काल रविवार होता. नेहमीसारखी खुर्ची लावली, मान, पट्टा, एक, दोन, तीन. उचललं, आणि वळताना कमरेत कुणीतरी पाना आवळावा तसं झालं. ना वर जाता येईना ना खाली. बाबा माझ्या गळ्यात, त्यांचे पाय दाराच्या उंबऱ्यावर, आणि मी तसाच थिजलेला. इंजिन अजून सुरू केलेलं नव्हतं. गॅरेजात आमच्या दोघांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी ‘अगं ए’ करून हाक मारली. वहिनी दारातून म्हणाली, ‘काय चाललंय? नाच शिकताय?’ मग तिला माझा चेहरा दिसला. तिने धावत जाऊन स्टूल आणलं, बाबांच्या खाली सरकवलं, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना त्यावर टेकवलं. मी फरशीवर बसलो. बसलो कसला, उतरलो.

बाबा चिडले होते. आजारपणानंतर त्यांना चिडलेलं मी पाहिलंच नव्हतं. त्यांनी डावा हात माझ्या कमरेला लावला, बरोबर तिथेच, त्या दिवशी लावला होता तिथे. ‘किल्ली,’ म्हणाले. दोनदा दाबलं. मग तोच हात फिरवून कॉइलओव्हरच्या वरच्या खोक्यावर असा मारला की ते खाली आलं.

वहिनीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खोक्यांवरच्या फळीवर दोन्ही चित्रं पडलेलीच होती. तिने ती उचलून बाबांपुढे धरली. ‘बाबा, कुठलं?’ बाबांनी फुग्यांवर बोट ठेवलं, आणि मग ते बोट माझ्या कमरेकडे नेलं. तिने चित्रं खाली ठेवली. ‘हे त्यांनी तेव्हाही सांगितलं होतं ना?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो. माझं ‘हो’ बाबांच्या ‘हो’सारखं नव्हतं. त्याचा एकच अर्थ होता.

काल बाबा म्हशीत बसले नाहीत. दोन वर्षांतला पहिला चुकलेला रविवार, आणि तो मी चुकवला. जे राखायचं म्हणून मी हा उद्योग केला तेच गेलं.

माझ्या कमरेसाठी त्यांनी फुगे निवडले, असं मी समजतो आहे. पण हा अर्थ मला फार सोयीचा आहे, आणि सोयीच्या मापावर विश्वास ठेवायला मी शिकलेलो नाही. कदाचित त्यांना फक्त पटकन आत शिरून तुझ्याबरोबर निघायचं असेल. कदाचित दोन्ही. संध्याकाळी मी तुझा एक फोटो आणि माझा एक फोटो काढून ठेवला. बाईंच्या पद्धतीने विचारणार होतो: फुगे कुणासाठी? तीनदा, जागा बदलून. मग दोन्ही फोटो ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. हे मी तपासणार नाही. कुणासाठी म्हणाले तरी मला ते कमीच भरलं असतं.

जळणं थांबलं असं समजू नकोस. आज सकाळी तुझा फोन आला, बाबा हसले, आणि मला इथे पडल्या पडल्या टोचलंच. फरक एवढाच की आता तुला ते ठाऊक आहे.

खोकी सीलबंद आहेत. एका खोक्याचा कोपरा चेपलाय, तो बाबांमुळे. परत घ्यावीत असं दुकानाला मीच लिहिलंय, आणि कारणाच्या जागी ‘ग्राहकाच्या घरच्याने चुकीची माहिती दिली’ असं लिहिलंय. तू आजच फुगे, पंप, टाकी, जे काय लागेल ते मागव, म्हणजे अठरापर्यंत येईल. फळी मी सुताराला सांगितली आहे. माप त्याला तीनदा दिलं. तो म्हणाला, ‘साहेब, फळी आहे, विमान नाही.’

पुलापर्यंतच्या फेरीला तू चालव. बाबा शेजारी. मी मागे. त्या मागच्या सीटवर माणूस बसत नाही, ठेवावा लागतो, तरी मी बसणार. शटर धरून उभा राहणार नाही.

बाईंना विचारलं, फळीवरून सरकताना आधार लागतो का. म्हणाल्या, लागतो, एक हात कुणाच्या तरी मानेभोवती टाकावाच लागतो. भार नसतो, नुसता हात. तो कुणाच्या मानेभोवती टाकायचा ते बाबा ठरवतील. मी त्या वेळी जवळ उभा असेन, एवढीच परवानगी दे.

मला शिव्या देशील त्या बाबांसमोर दे. त्यांच्या नावावर मी खोटं खपवलं, त्यांनी ऐकायला हवं. त्यांना सगळं समजतं.

आणि फुगे बसवायला तू म्हशीखाली झोपशील, तेव्हा बॅटरी मी धरीन. उकिडवं बसता येणार नाही. बाबांच्या खुर्चीला लागून एक खुर्ची टाकून बसेन. या वेळी त्या उजेडात काय दिसतं ते मला सांगत जा. आणि उजेड हलला तर तसंही सांग, त्यांच्याच सुरात.

वाट बघतोय.

दादा